धारेचा फोटो

शंकेखोर : जमवणं मला कळतं, भाऊजी. पेडण्यात जुनं घर पाडायला घेतलं की माळ्यावरचं आणि गोठ्यातलं लोखंड आधी अंगणात येतं, मग भंगारवाल्याच्या काट्यावर चढतं. त्यातला एखादा कोयता, माडाची सूर काढणाऱ्या रेंदेराची एखादी काती, मोडक्या मुठीची सुरी तुम्ही उचलून आणलीत तर कुणाचं काही बिघडत नाही. माझी अडचण फोटोंची आहे. वस्तू तुमच्याच खोलीत आहे, हात लांबवला की मिळते. मग तिचा फोटो कशाला? कोयता उचलला की मनगटाला लगेच कळतं, हा फांद्या तोडायचा की गवत-झुडूप साफ करायचा. फोटोत वजन येत नाही, लाकडात रुतल्याचा आवाज येत नाही, मुठीला लागलेला काजूच्या चिकाचा वास येत नाही. उरतो आकार आणि चकाकी. आणि चकाकीइतकी बिनकामाची गोष्ट कोयत्यात दुसरी नाही.

हौशी : हात लांबवला की मिळते, हे आजचं झालं, वहिनी. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेत काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. नुसतं बोट लागलं तरी घामातल्या मिठाने पात्यावर त्या बोटाच्या आकाराचा गंज उमटतो. चामड्याच्या म्यानात जपून ठेवायला जावं तर चामडंच ओल धरून ठेवतं. खोबरेल चोपडलं तर काही महिन्यांनी ते चिकट होऊन धूळ धरतं. त्यापेक्षा शिलाई मशीनचं तेल बरं. एवढं करूनही दर पावसाळ्यात लोखंड थोडं झिजतंच. म्हणून मी फोटो काढतो ते आज किती उरलंय याची नोंद म्हणून.

आणि चकाकीचं म्हणाल, तर माझं सगळं भांडण तिच्याशीच आहे. घासलेलं पातं म्हणजे आरसा. त्याचा फोटो काढायला गेलं की पात्याचा येत नाही. त्यात छप्पर दिसतं, खिडकी दिसते, मोबाइल धरलेला मी दिसतो. पाण्यावरची किंवा काचेवरची चकाकी मारायला पोलरायझर नावाची काच मिळते, पण लोखंडापुढे तिचं काही चालत नाही. तेव्हा पात्यावर उजेड कुठून पाडायचा हा विचार सोडून द्यावा लागतो. पात्याला समोर काय दिसावं, ते ठरवायचं. त्याला मोठं, पांढरं, एकसारखं काहीतरी दिसलं पाहिजे. घरच्या राजांगणात ढगाळ दिवशी वरून जो उजेड येतो त्याच्या तोडीचा दिवा पैसे देऊनही मिळायचा नाही. ऊन असेल तर वर धुतलेला पंचा ताणायचा. चवथीच्या मखराचा थर्माकोल उरलेला असतो, तो बाजूला उभा करायचा. मात्र चिऱ्याच्या भिंतीपासून लांब राहायचं, नाहीतर भिंतीचा तांबूसपणा पात्यात उतरतो आणि बघणाऱ्याला तो गंज वाटतो.

शंकेखोर : म्हणजे तुमच्या फोटोंच्या वहीतल्या प्रत्येक पात्यावर आमच्या घरचा पंचा आहे! बघणाऱ्याला वाटतं, काय स्वच्छ लोखंड. प्रत्यक्षात ते कापड. आणि त्या आधी तुम्ही ते घासलं असणार. घासल्याशिवाय ते आरसा कसं होईल? म्हणजे नोंद ठेवायची म्हणून जी गोष्ट नोंदवायची तीच आधी पुसून टाकायची. कोयत्यावरचा काळसर थर म्हणजे काही मळ नव्हे. काजूचा चीक, फणसाचा चीक, माडाच्या झावळीचा रस, चुलीजवळचा धूर, असं सगळं वर्षानुवर्षं चढत गेलेलं असतं त्यात. त्या थरानेच तो गंजापासून वाचला. तुम्ही चिंच लावून आणि काथ्याने घासून त्याला एका दुपारात नवा केलात. समईचं पितळ घासावं, त्याला तो मान आहे. कोयता घासून उजळ करणारा माणूस मी आमच्या डिचोलीत तरी पाहिला नाही. धार तेवढी उजळ, बाकीचा कोयता काळा, असाच तो असतो.

हौशी : काळा थर मी काढत नाही. सुटा गंज तेवढा रॉकेलच्या फडक्याने पुसतो, तेही आधी एक फोटो काढून. पण तुमच्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे, आणि ती मला कॅमेऱ्याने शिकवली. पसरलेल्या मऊ उजेडात पातं गुळगुळीत दिसतं, त्याच्या अंगावर काय काय होऊन गेलं ते झाकलं जातं. तोच कोयता संध्याकाळी दारातून तिरप्या आलेल्या उजेडात आडवा ठेवला की लोहाराच्या हातोड्याचे ठोके दिसतात. पाठीवर कुणीतरी दगडाने ठोकून खुंटा मारायला वापरला होता, तो पिचलेला भाग दिसतो. निसण्यावर पाजवताना पडलेल्या बारीक रेघा कुठल्या दिशेने गेल्यात ते दिसतं. दोन्ही उजेड एका फोटोत मावत नाहीत. म्हणून मी प्रत्येक पात्याचे निदान दोन फोटो काढतो, आणि दोन्ही बाजूंचे काढतो. विळ्याला, कोयत्याला बऱ्याचदा एकाच अंगाने धार दिलेली असते, दुसरं अंग सपाट. कुठलं अंग सपाट त्यावरून अवजार उजव्या हाताचं की डावखुऱ्याचं ते सांगता येतं. हातात घेऊन मला हे कधी कळलं नव्हतं, कारण हातात घेतल्यावर लक्ष वजनाकडे जातं. तुम्ही म्हणता वजन फोटोत येत नाही. नाही येत. पण वजन बाजूला झाल्यावरच काही गोष्टी डोळ्याला दिसतात.

रेंदेराची काती घ्या. रुंद, चपटी, चंद्रकोरीसारखी वळलेली. माडाची पोय रोज तासायची ती हिनेच. कापायचं म्हणजे पातळ चकती उतरवायची, जेवढी कमी तेवढी सूर जास्त दिवस गळत राहते. माझ्याकडच्या कातीची धार मधोमध खोल गेलीय, दोन्ही टोकं जवळपास मूळ रुंदीची आहेत. वरून सरळ, मध्यभागी लेन्स धरून फोटो काढला आणि खाली सेंटिमीटरची पट्टी ठेवली तेव्हा लक्षात आलं, की तो माणूस पात्याचा मोजका भागच वापरत होता, आणि रोज वापरत होता. माडावर चढून, एका हाताने धरून, तेवढ्याच भागाने. ही नोंद नाही तर काय आहे?

शंकेखोर : नोंद आहे. पण कुणाची? तुम्हाला त्या रेंदेराचं नाव ठाऊक नाही, वाडा ठाऊक नाही. भंगारवाल्याने काती किलोने दिली, त्याबरोबर माणूस दिला नाही.

पण ते राहू द्या, मला दुसरंच विचारायचंय. तुमची वही मी चाळली. एका पानावर आठ-दहा पाती ओळीने मांडलेली, लहान ते मोठं, पांढऱ्या चादरीवर, प्रत्येकाखाली चिठ्ठी. हा फोटो मी आधी कुठे पाहिलाय ते चटकन आठवलं. वर्तमानपत्रात, आतल्या पानावर. पोलिसांनी जप्त केलेली हत्यारं टेबलावर अशीच मांडलेली असतात, ओळीने, लहान ते मोठं, मागे चार पोलीस उभे. पुण्यात कोयता गँगच्या बातम्या सुरू झाल्या आणि पोलिसांनी दुकानदारांना कोयता घेणाऱ्याचं आधार कार्ड बघायला सांगितलं, तेव्हापासून तर कोयत्याचा फोटो म्हटलं की लोकांना तेच सुचतं. आपल्याकडे काजूच्या बागेत जाणारा प्रत्येक माणूस कमरेच्या आकडीला कोयता अडकवून रस्त्याने जातो, कुणी मान वळवून बघत नाही. त्या कमरेवरून तो उचलून तुम्ही चादरीवर ठेवता आणि त्याचं हत्यार करता. बाग गेली, कंबर गेली, आकडी गेली. उरलं ते धारदार लोखंड.

हौशी : कायद्यानेही हाच प्रश्न विचारलाय, आणि माझ्या मते बरा सोडवलाय. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे २०१६ चे नियम बघा. पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल तर ते शस्त्रांच्या यादीत येतं. तलवार, खंजीर, कुकरी यांच्या पंगतीत. मात्र घरकामासाठी, शेतीसाठी, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेलं असेल तर नाही. आपला साधा कोयतासुद्धा रुंदीत दोन इंचांच्या पुढे जातो. तो वाचतो तो कामामुळे. म्हणजे लोखंड किती यापेक्षा ते कशासाठी घडवलं, हे कायदा बघतो.

शंकेखोर : मग तुमचा फोटो तर कायद्याच्याही मागे पडला! कायदा काम बघतो, आणि तुमच्या फोटोतून पहिल्यांदा जातं ते कामच.

हौशी : चादरीवरच्या फोटोतून जातं, मान्य. तो फोटो मी काढायला नको होता असं मात्र मला वाटत नाही. त्याशिवाय आकारांची तुलना होत नाही. सावंतवाडीकडचा कोयता आणि आपला कोयता यांच्या टोकाच्या वळणात फरक आहे का, हे दोन्ही एका अंतरावरून, एका उजेडात, एकाच पट्टीसकट टिपल्याशिवाय कोण सांगेल? पेडणे १७८८ पर्यंत सावंतवाडीकरांकडे होतं, नंतर पोर्तुगिजांकडे आलं. सरहद्द बदलली म्हणून लोहाराचा साचा बदलतो का, हा प्रश्न मला सुटत नाही. साखळीच्या राण्यांच्या तलवारींवर लोक लिहितील, दीपाजी राण्यांचं १८५२ चं बंड पुस्तकात आहे. त्या बंडात सामील झालेला माणूस बंडाच्या आदल्या दिवशी ज्या कोयत्याने गवत कापत होता त्याच्यावर कोण लिहिणार? माझ्या संग्रहात एकही तलवार नाही आणि घ्यायचीही नाही.

हां, एका सुरीचा फोटो मी वहीत लावलेला नाही. तिची मूठ सांबराच्या शिंगाची आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात असल्या वस्तूंच्या मालकीचे कागद लागतात, ते तिच्या घरच्यांकडे नव्हते. सुरी त्यांना परत केली.

शंकेखोर : ते चांगलं केलंत. आता तुलनेचं बघू. तुमच्यासारखा हट्ट आधी कुणी केला नाही असं नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते जमवले, विळ्या जमवल्या, स्वयंपाकघरातलं बारीकसारीक जमवलं. मुलगा लहानपणी गेला, त्याच्या नावाने संग्रहालय केलं आणि १९७५ मध्ये सगळं सरकारला देऊन टाकलं. मी ते बघून आले आहे. अडकित्त्यांपुढे माणसं थांबतात, कारण कुणाचा मोर आहे, कुणाचा घोडा आहे. साधी विळी जागा मिळवते ती तिच्यावर काही नक्षी असेल तेव्हा. बाणावलीला व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी गोवा चित्रमध्ये नांगर, रहाट, घाणे, चार हजारांहून जास्त वस्तू उभ्या केल्या, तिथे निदान शेतकऱ्याचं लोखंड शेतकऱ्याचं म्हणून ठेवलंय. पण फोटो काढणाऱ्याचा डोळा शेवटी नक्षीवरच जातो. तुमच्या वहीत पितळी बांगडी बसवलेल्या मुठीच्या सुरीला चार पानं आहेत, आणि मोपाच्या सड्याखालच्या कोयत्याला अर्धं.

हौशी : त्या चार पानांबद्दल तुमचं बरोबर आहे, ती सुरी देखणी आहे आणि मला आवरलं नाही. पण नक्षी नसलेल्या अवजाराचा फोटो काढता येत नाही, हे मी मान्य करणार नाही. अमेरिकेत वॉकर इव्हान्स नावाच्या छायाचित्रकाराने १९५५ मध्ये फॉर्च्यून मासिकासाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या अवजारांचे फोटो काढले. पक्कड, पाना, गवंड्याची थापी असली. सपाट पार्श्वभूमी, मऊ उजेड, एका पानावर एक अवजार, बस्स. नक्षी नाही, कलाकुसर नाही. त्या फोटोंत अवजार कशासाठी आहे ते त्याच्या आकारावरूनच कळतं. काम फोटोतून जातं असं तुम्ही म्हणता. त्याने दाखवलं, की काम आकारातच असतं.

शंकेखोर : दुकानातली अवजारं! कारखान्यात एकासारखी एक निघालेली. तिथे आकार म्हणजेच सगळं, कारण हजार पान्यांमध्ये फरक नाहीच. आपला कोयता दुकानातून आला असेल, पण घरी आल्यावर तो वेगळा झाला. लोहाराकडून पुन्हा पुन्हा शेवटून आणला, मूठ दोनदा बदलली, एकदा मुलाने खेळताना दगडावर मारला म्हणून टोक घासून गोल केलं. इव्हान्सच्या पान्याला पहिला दिवस होता. तुमच्या कोयत्याला तुम्ही भेटलात त्याच्या शेवटच्या दिवशी.

आणि लोखंडाबद्दल बोलायचं तर डिचोलीच्या माणसाला जरा जास्त बोलू द्या. आमच्या डोंगरातून १९५० नंतरच्या दशकांत बोटी भरभरून लोहखनिज जपानला गेलं. आमच्या तालुक्याचं अर्धं अंग खणून काढलं. त्यातल्या एका खड्याचाही कोयता डिचोलीत झाला नाही. लोहार कोयता करायचा तो मोडीतला कमानपाटा आणून. ज्या ट्रकांनी खनिज ओढलं त्यांचाच पाटा तुटला की तो भात्यापुढे यायचा. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मग २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजा रद्द केल्या, ट्रक दारात उभे राहून गंजले. हे सगळं तुमच्या फोटोत कुठल्या उजेडात दिसतं? मऊ की तिरप्या?

हौशी : तिरप्या. खरंच दिसतं, हसू नका. कमानपाट्याची जाडी ठरावीक असते. पाठीकडून, म्हणजे कडेवर उभा धरून फोटो काढला की पाठ मुठीपाशी किती जाड आणि टोकाशी किती हे कळतं. काही कोयत्यांत पाट्याचं मूळचं वळणही थोडं शिल्लक राहिलेलं असतं, लोहाराने पुरतं सरळ केलेलं नसतं. पोलादाला पाणी दिलं त्याची हद्दसुद्धा कधीकधी दिसते. धारेलगतचा भाग वेगळ्या करड्या रंगाचा, त्यामागचा मऊ भाग वेगळा.

आणि इथे मला माझं खरं कारण सांगू द्या. वही मी बघणाऱ्यांसाठी केलेली नाही. माझ्या डोळ्यापुढे लोहार आहे. गावोगावचे भाते बंद पडले; म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आज जे कोयते मिळतात त्यातले कितीतरी बाहेरून येतात. उद्या कुणाला जुन्या वळणाचा कोयता करायचा झाला तर त्याला काय दाखवायचं? प्रत्यक्ष वस्तू तोवर गंजलेली असेल किंवा माझ्या पुतण्याने विकलेली असेल. माझ्या वहीत प्रत्येक अवजाराचे निदान तीन फोटो आहेत: दोन बाजूंचे दोन आणि पाठीचा एक. पट्टी आहे. दोऱ्यावर तोलून तो कुठे समतोल राहतो तिथे खडूची खूण आहे. वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं आहे. वजन फोटोत येत नाही म्हणालात, म्हणून लिहिलं. मोबाइलची रुंद लेन्स जवळून वापरली तर टोक फुगतं, मूठ बारीक होते. म्हणून लांब जाऊन, झूमने, तिवईवर ठेवून काढलेत. त्या पानावरून हुशार लोहार कोयता घडवू शकेल. एवढं झालं तरी मला पुरे.

शंकेखोर : कोयता घडवू शकेल, धार नाही लावू शकणार. आता मला वहीतलं जे सगळ्यात टोचलं ते सांगते. तुम्ही आमच्या स्वयंपाकघरातली विळी, आपली आदोळी, फोटोसाठी नेली होतीत, आठवतंय ना? मासे कापायला मला तिच्याशिवाय चालत नाही, म्हणून मी तगादा लावला होता. तिचा फोटो वहीत शेवटी आहे. तो बघितला आणि मग मागची सगळी पानं पुन्हा उलटली. तुमच्या प्रत्येक कोयत्याच्या, सुरीच्या, कातीच्या कडेने एक बारीक पांढरी रेघ आहे. कुठे जाड, कुठे तुटक, पण आहे. तुम्हाला ती आवडते, कळतं मला. तिच्यामुळे पातं धारदार वाटतं. आदोळीला ती रेघ नाही. तिची कड कुठे संपते आणि मागची चादर कुठे सुरू होते, ते कळतच नाही.

पाजवणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, तो पातं उजेडाकडे धरून कडेवरून नजर टाकतो. कडेवर पांढरं चमकलं तर तिथे धार बसलेली नाही. बोथट कड म्हणजे कितीही बारीक असला तरी एक सपाट पट्टा. पट्टा आहे म्हणून तो उजेड परतवतो. खरी धार इतकी बारीक असते की तिच्यावर उजेड टेकायला जागाच नाही. ती दिसत नाही. म्हणजे भाऊजी, तुमचा कॅमेरा पात्याचं सगळं टिपतो, फक्त ज्यासाठी पातं केलं ते सोडून. तुम्ही इतकी पानं भरलीत ती बोथटपणाची. ज्या पात्याला अजून धार आहे, त्याच्या कडेवर तुमच्या फोटोत काहीच नाही.

हौशी : हे… हो. आणि मोबाइल त्यात भर घालतो. चित्र खणखणीत दिसावं म्हणून तो आपणहून प्रत्येक कडेला उजळ किनार देतो. तीच कड मी साध्या कॅमेऱ्याने, ती सोय बंद करून टिपली तरी रेघ राहिलीच, म्हणजे ती पात्याचीच. मी ती चांगल्या उजेडाची खूण समजत होतो.

पण थांबा, यातून तुमचा मुद्दा सिद्ध होत नाही, माझा होतो. धार फोटोत दिसत नाही, तर बोथटपणा दिसतो ना? मग तीही नोंदच. शेतकरी कोयता कधी पाजवतो? कामाला निघण्याआधी. काम संपल्यावर पाजवून ठेवणारे थोडे. म्हणजे जे पातं माळ्यावर बोथट सापडलं, त्याची कड म्हणजे त्याचं शेवटचं काम. मोपाच्या सड्याखालच्या गावातून आणलेला कोयता बघा. सड्यावरच्या विमानतळाचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ ला झालं, जानेवारीत विमानं सुरू झाली. सड्यावरच्या काजूबागा त्याच्या कितीतरी आधी गेल्या. त्या कोयत्याची रेघ जाड आहे, एका जागी खाच आहे. कुणीतरी त्याने शेवटची फांदी तोडली, आणि मग तो पाजवायची गरजच पडली नाही. तो फोटो मी कुठल्या उजेडात काढला ते जाऊ द्या. त्या रेघेइतका त्या सड्याचा चांगला पुरावा माझ्याकडे दुसरा नाही.

शंकेखोर : पुरावा म्हणायला फार घाई करता तुम्ही. गंजही धार खातो. दहा पावसाळे माळ्यावर पडलेल्या पात्याची कड आपोआप खडबडीत होते. तुमची रेघ शेवटच्या फांदीची की पावसाळ्यांची, ते कशावरून ठरवणार? खाच कुणी पत्र्याचा डबा उघडताना पाडली असेल. तुम्ही फोटोत एक गोष्ट वाचलीत, ती गोड आहे, पण ती लोखंडावर लिहिलेली नाही, तुमच्या मनात होती.

हौशी : गंजलेली कड आणि वापराने गेलेली कड यांत फरक करता येतो. गंज खड्डे पाडतो, वापर कड दुमडतो, चपटी करतो. जवळून, तिरप्या उजेडात बहुतेक वेळा ओळखू येतं. बहुतेक वेळा म्हणतो, नेहमी नाही. आणि तुम्ही जी शंका काढलीत ती फोटो नसता तर तुम्हाला काढताच आली नसती. हातात घेऊन कुणी कडेच्या खड्ड्यांवर वाद घालत नाही.

शंकेखोर : ते मान्य. पण मग तुमच्यापुढे एक पेच आहे आणि तुम्ही तो टाळताय. त्या कोयत्याची धार जशी सापडली तशी ठेवायची, तर तो कोयता नव्हे, त्याचं प्रेत. पाजवायची, तर तुमचा पुरावा निसण्यावर घासून जाणार. खंडेनवमीला तुम्ही सगळं मांडून, हळदकुंकू लावून पूजा करता आणि फोटो काढता. तो दिवस तर अवजाराच्या विश्रांतीचा. अवजाराला विश्रांती कशी असते ते कळायला आधी त्याला काम पाहिजे. तुमच्याकडच्या अवजारांना सगळे दिवस नवमीच.

हौशी : मग काय करावं असं तुमचं म्हणणं आहे? सगळं वाटून टाकू?

शंकेखोर : सगळं नको. एक कोयता काढा, पाजवून आणा, आणि शेजारच्या काजूत एक हंगाम जाऊ द्या. मार्च ते मे. दर पंधरवड्याला त्याच्या कडेचा फोटो काढा, तुमच्या त्याच उजेडात, त्याच पट्टीवर. कधी रेघ नाही, कधी आली, कधी पाजवून पुन्हा गेली, हे एकदा तरी दिसेल. मग वहीतल्या बाकीच्या रेघा वाचायला तुम्हाला काहीतरी आधार मिळेल. नाहीतर ते नुसतं भविष्य सांगणं आहे, मागच्या दिशेने.

हौशी : विचार वाईट नाही. पण हंगामात तो दोन-तीन मिलिमीटर तरी कमी होईल. कुणीतरी तो हरवून टाकेल, मूठ फुटेल. आणि काती असली की हाही उपाय नाही. सड्यापासून खाडीपर्यंत माडावर चढणारा माणूस शोधून आणायचा कुठून?

शंकेखोर : काती राहू द्या. मी कोयत्याचं बोलतेय. दोन-तीन मिलिमीटर गेले तर जाऊ द्यात, त्यासाठीच तेवढं लोखंड जास्त दिलेलं असतं.

हौशी : बरं. तर कुठला द्यायचा? ज्याचे फोटो पानावर आहेत तो, की अजून ज्याला कॅमेरा लागलेला नाही असा एखादा?

शंकेखोर : ज्याला लागलेला नाही तो. ज्याचा फोटो काढला त्याला तुम्ही हात लावू देणार नाही, मला माहीत आहे.

हौशी : आणि आधीचा फोटो नसेल तर तो हंगामात किती झिजला, हे तुम्ही मला कशावरून सांगणार?